वीस अंशांचं पाणी

सकाळी नळाखाली हात धरला आणि बोटं आखडली की मी ओळखते, आता आमच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या कपाटातून बाहेर निघणार. थंडी पडली की लोकांना काय काय आठवतं. कुणाला हुरडा, कुणाला डिंकाचे लाडू, कुणाला माथेरान. मला पाण्यात न विरघळणाऱ्या वस्तू आठवतात. ज्याची त्याची थंडी, दुसरं काय!

यंदा कर्जतला ती उशिरा आली. पौष अर्धा सरला तरी पंखे फिरत होते. मग एका सकाळी उल्हास नदीवर असं धुकं उतरलं की पलीकडचा काठ दिसेना. स्कूटीवरून खोपोलीला जाताना पळसदरीच्या वळणावर नाकाचा शेंडा बधिर झाला. गाळ्याचं शटर अर्धं वर होतं आणि ठोंबरे सर, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे मालक, आत पारा बघत उभे होते. मला बघून म्हणाले, "चला मॅडम, आपला सीझन आला." हे ते दरवर्षी म्हणतात आणि स्वतःच हसतात. पूर्वी मीही हसायचे.

सीझन म्हणायला कारण आहे. आजूबाजूच्या कारखान्यांतून आमच्याकडे नमुने येतात. भुकट्या, तेलं, चिकट राळा. प्रत्येकाची पत्रिका मांडून द्यायची. वितळतो कधी, पेटतो कधी, पाण्यात विरघळतो किती. साखर-मिठासारख्या सरळ स्वभावाच्या वस्तूंचं काही अडत नाही. पाण्यात टाकायचं, ढवळायचं, तळाशी उरायला लागलं की थांबायचं. पण काही भुकट्या अशा, की पाणी दिसलं की तोंड फिरवतात. वर तरंगतील, तळाशी बसतील, भांड्याच्या काचेला चिकटतील, पण विरघळणार नाहीत. निदान डोळ्यांना तसं दिसतं. खरी गोष्ट अशी की पाण्यात मुळीच विरघळत नाही असं जगात जवळपास काही नाही. प्रश्न फक्त किती, एवढाच. आणि ते 'किती' इतकं थोडं असतं की ते पकडायला आम्हाला हिवाळ्याची वाट बघावी लागते.

कारण हे मोजमाप वीस अंशांवर करायचं असतं. विसाचे बावीस झाले की आकडा हलतो. आता बोरघाटाच्या पायथ्याशी, पत्र्याच्या गाळ्यात वीस अंश! चैत्रात आमच्या टेबलावर हात टेकवत नाही. पाणी गार ठेवणारं एक यंत्र आहे, पण ते म्हातारं झालंय. वीज गेली की रुसतं आणि आली तरी रुसलेलंच राहतं. म्हणून सरांनी नियमच करून टाकला, न विरघळणाऱ्यांचं काम दिवाळी ते शिमगा. बाकी वर्षभर ते नमुने बरण्यांत झोपा काढतात. गिऱ्हाईक फोनवर ओरडतं, तेव्हा सर शांतपणे सांगतात, "आंबा मार्गशीर्षात मागू नका."

काम तसं साधं आहे, फक्त माणसाचा अंत बघणारं. मोहरीहून बारीक काचेचे मणी घ्यायचे. भुकटी एका उडून जाणाऱ्या द्रवात कालवून त्यांवर ओतायची आणि द्रव उडू द्यायचा. मण्यांवर भुकटीचा लेप राहतो, संक्रांतीच्या हलव्यावर पाकाचा चढतो तसा. ते मणी उभ्या काचेच्या नळीत भरायचे आणि वरून शुद्ध पाणी सोडायचं, थेंब थेंब. खाली गळणारं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत धरायचं आणि प्रत्येक बाटलीत किती भुकटी उतरली ते यंत्रावर बघायचं. पहिल्या बाटल्या खोटं बोलतात. सुटे कण पाण्याबरोबर घरंगळत येतात आणि आकडा फुगतो. त्या बाजूला टाकायच्या. मग आकडा उतरत जातो आणि एका जागी येऊन थांबतो. पुढची बाटली तेच सांगते, तिच्या पुढची तेच. मग पाण्याचा वेग निम्मा करायचा. तरीही आकडा हलला नाही, तर तो खरा. माझी सासू म्हणते, दिवसभर पाणी गळताना बघत बसतेस आणि त्याला नोकरी म्हणतेस. तिचं अगदीच चूक नाही.

काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात मी असंच पाणी गळताना बघत बसले होते, आणि ते पाणी माझ्या माहेरचं होतं म्हटलं तरी चालेल.

माझं माहेर खालापूर तालुक्यात, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. एक्स्प्रेसवेची घरघर तिथे सतत चालू असते, इतकी की गावाला ती आता ऐकू येत नाही. दादा, माझा थोरला भाऊ, शेती सांभाळून एका कारखान्यात पाळीवर जातो. घरामागे आमची विहीर आहे. जमीन आमची, पण पाणी सगळ्या आळीचं. उजाडायच्या आधी रहाट करकरायला लागायचा आणि मग बायकांची बोलणी, हंड्यांचे आवाज, कुणाच्या तरी नावाने हाका. आमचं घर पाणी देणारं घर म्हणून ओळखलं जायचं. दादाच्या लग्नात वहिनीच्या वडिलांनी शेत किती ते विचारलं नव्हतं, आधी विहीर बघितली होती.

वहिनी काशेळ्याकडची, नाव सुमन. दुधात साखर विरघळते तशी सासरी राहा, असं लग्नात चार बायकांनी तिला सांगितलं होतं. तिला ते काही जमलं नाही. ती बोलायची, उलट विचारायची, खळखळून हसायची. विहिरीवर तर तिचा दराराच होता. चपला घालून कठड्यावर चढलेल्या बाईला ती खाली उतरवायची. कुणाच्या साबणाचं पाणी विहिरीकडे वळलं तर पदर खोचून जायची, आणि त्याच बाईच्या घरी दुखणं निघालं तर स्वतः दोन हंडे भरून पोचवायची. लोक तिला घाबरायचे आणि तिच्याच दारात बसायचे. घराण्याचं पाणी आता ती राखत होती, आणि तिला ते माहीत होतं.

विहिरीच्या वरच्या अंगाला, ओढ्यापलीकडे, कुठल्याशा कंपनीने पत्र्याचं गोदाम बांधलं होतं. त्या वर्षी पावसात त्याचे पत्रे उडाले, आतली पोती भिजून फुटली आणि फिकट पिवळी भुकटी फुगलेल्या ओढ्याच्या लोंढ्याबरोबर उतारावरून आमच्या विहिरीत आली. पाऊस उघडला तेव्हा आतल्या दगडांच्या सांध्यांत पिवळा थर बसला होता. त्याला ओल्या काडेपेटीसारखा वास यायचा.

पाण्याची चव बदलली, असं पहिल्यांदा वहिनी म्हणाली. आळी हसली. "सुमनची जीभ अजून काशेळ्याच्याच पाण्यात हाय गं," असं म्हणून बायकांनी तिला उडवून लावली. तरी सावधगिरी म्हणून सगळ्यांनी हंड्याच्या तोंडाला दुपदरी फडकं बांधायला सुरुवात केली. फडक्यावर पिवळं राहायचं आणि खाली पाणी कसं आरशासारखं! आळीचं समाधान झालं. वहिनीचं झालं नाही. दिवाळीला मी गेले तेव्हा तिने मला विहिरीपाशी नेलं, ओलं फडकं माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "वन्सं, तू एवढी बाटल्या हलवतेस, सांग ना गं, या फडक्यातनं काय काय खाली जातं?"

मला काय माहीत असणार? मी म्हटलं, ती भुकटी कसली आहे ते कळल्याशिवाय काय सांगू.

आणि मार्गशीर्षात सरांनी माझ्या टेबलावर एका कंपनीकडून तपासायला आलेली बरणी आणून ठेवली. फिकट पिवळी भुकटी. झाकण उघडलं तर ओल्या काडेपेटीचा वास. मी सरांना तिथल्या तिथे सांगितलं, की ही आमच्या विहिरीत पडलेली आहे, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. सर चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, "दुसरं कोण आहे मॅडम? मी आणि तुम्ही. माझे हात कापतात. नीट मोजा, म्हणजे झालं. दुसऱ्याच्या विहिरीतली असती तरी नीटच मोजली असती ना?" त्या माणसाचं हे मला आवडतं. पुढे जे झालं त्यातही मला त्यांच्यावर राग काढता येत नाही. कुणावर तरी काढता आला असता तर बरं झालं असतं.

पौषातली ती सकाळची उन्हं मला अजून आठवतात. खिडकीतून तिरपी येऊन नळीवर पडायची आणि मणी पिवळसर चमकायचे. चांगले दिसायचे, हे पण सांगायला हवं. बाहेर घाट चढणाऱ्या ट्रकांचा आवाज आणि आत थेंबांचा. मी बाटल्या बदलत होते. फुगलेले आकडे उतरत गेले आणि संक्रांतीच्या आसपास आकडा थांबला. वेग निम्मा केला, तरी तोच. काचेला काही चिकटून राहिलं असेल म्हणून भांडी बदलून पुन्हा बघितलं, तरी तोच. शून्य आला असता तर वहिनी खोटी पडली असती. मोठा आला असता तर विहीर गेली असती. आला तो इतका बारीक, की मिठाचा एक कण घेऊन त्याचा तुकडा करावा आणि तो हंडाभर पाण्यात टाकावा. पण तो शून्य नव्हता, आणि तो जागचा हलत नव्हता.

सरांनी तो आकडा अहवालात जसाच्या तसा लिहिला आणि वर वर्ग लिहिला, 'व्यवहारात अविद्राव्य', म्हणजे विरघळत नाही असंच धरायचं. मी म्हटलं, सर, हा शब्द नको. ते म्हणाले, "मॅडम, इतक्या लहान आकड्याला जगभर हाच शब्द आहे. आकडाही खरा, शब्दही खरा. मी कुठे काय लपवलं?" आणि खरंच त्यांनी काही लपवलं नव्हतं. त्या सगळ्या प्रकरणात कुणीच कधी काही लपवलं नाही. मला त्याची चीड येते.

कारण त्या नळीसमोर बसून मला जे दिसलं होतं ते त्या शब्दात नव्हतं. जे भसाभसा विरघळतं ते एका पावसाळ्यात वाहून जातं. मिठाचं पोतं विहिरीत पडलं तर वर्षभर तोंड वेडंवाकडं करून लोक पाणी पितील आणि पुढच्या वर्षी विसरतील. पण जे विरघळत नाही ते जात नाही. ते तळाशी बसून राहतं आणि दर नव्या पाण्याला आपला तेवढाच वाटा देतं. आज दिला तेवढाच उद्या, यंदा दिला तेवढाच पुढच्या वर्षी. माझी नळी तेच तर सांगत होती. लोकांना वाटतं, विरघळत नाही म्हणजे सुटलो. खरं म्हणजे विरघळत नाही म्हणजेच सुटका नाही.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला त्या गोदामवाल्या कंपनीचे एक साहेब आले. झेंडावंदन झालं होतं, पोरांना बुंदी वाटून झाली होती, शाळेच्या पटांगणात सतरंज्या तशाच अंथरलेल्या होत्या. साहेब तरुण होता, बोलायला गोड. त्याने टेबलावर काचेचा पेला ठेवला, त्यात आमच्याच विहिरीचं पाणी ओतलं, खिशातून पुडी काढून चिमूटभर भुकटी टाकली आणि चमचा गरागरा फिरवला. भुकटी गोल गोल फिरली आणि सगळ्यांच्या देखत खाली बसली. मग त्याने स्वतःच्या पांढऱ्या रुमालातून ते पाणी दुसऱ्या पेल्यात गाळलं आणि घोटभर पिऊन दाखवलं. "बघा. मी नाही म्हणत, प्रयोगशाळाच म्हणते, विरघळत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. जे फडकं ते रोज बांधत होते त्यालाच साहेबाने मान दिला होता, टाळ्या वाजवणार नाहीत तर काय करतील?

मी उठले. आई मागून पदर ओढत होती, कारण हात दाखवून अवलक्षण करून घेण्याची माझी खोड तिला माहीत आहे. मी म्हटलं, ती प्रयोगशाळा म्हणजे मी. मोजलं ते मी. विरघळतं.

सरपंचांनी विचारलं, "किती?"

मी सांगितलं. मिठाच्या कणाचा तुकडा, हंड्यात.

आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच. सरपंच म्हणाले, "अगं ताई, एवढं तर आमच्या तंबाखूच्या चुन्यात पण आसंल!" साहेबही हसला, अगदी सभ्यपणे. म्हणाला, "मॅडम बरोबर सांगतायत. एवढंच." तेव्हा मला कळलं, की खरा आकडा हातात असणं आणि तो लहान असणं या दोन गोष्टी एकदम अंगावर आल्या की माणूस उघडा पडतो. खोटं बोलून मोठा सांगितला असता तर विहीर त्याच दिवशी बंद झाली असती. एवढ्याने नक्की काय होतं, हेही मला सांगता येत नव्हतं. ते मोजणारी माणसं वेगळी आणि त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

मग मी ते तळाशी बसण्याचं सांगितलं. खाली आहे तोवर दर पाण्यात उतरत राहील, तुमच्या नातवंडांच्या पाण्यात पण. यावर कुणी हसलं नाही. वहिनी बायकांच्या घोळक्यातून उभी राहिली आणि म्हणाली, "मंग खालचं काढूया की! दर साली उन्हाळ्यात इहीर उपसतोच, यंदा आदीच उपसू. चांगली खरवडून काढू." इतकं सोपं होतं ते! माना डोलल्या. मी बजावलं, गाळ पिंपांत भरा, इथे ठेवायचा नाही, कंपनीने तो घेऊन जायचा. साहेब म्हणाला, "नक्की. मी टेंपो पाठवतो." गोदामही हलवतो म्हणाला, आणि ते त्याने महिन्याभरात खरंच हलवलं.

विहीर उपसली तो दिवस मी विसरणार नाही, कारण त्या दिवशी मी सुखी होते. दादाने पंप लावला होता. सगळी आळी आली होती. गडी दोरावरून खाली उतरले, घमेल्यांची रांग लागली, काळा गाळ वर येत राहिला आणि त्यात पिवळ्या रेघा. दगडांचे सांधे खराट्याने घासले. वहिनी कठड्यावर उभी राहून वरून हुकूम सोडत होती, "त्या कोपऱ्यात रं, त्या कोपऱ्यात! डोळं हायत का बटणं?" खालून गडी ओरडायचे, "वैनी, तूच ये की खाली!" हसण्याचा आवाज विहिरीत घुमायचा. माझ्या आकड्यावर हसणारेच गुडघाभर चिखलात उभे होते. मला वाटलं, आपलं ऐकतात लोक. उशिरा ऐकतात, पण ऐकतात.

आमच्याकडे विहीर उपसणाऱ्यांना विहिरीच्या घरचं जेवण असतं. वालाच्या शेंगा नुकत्याच भरल्या होत्या, म्हणून वहिनीने तिन्हीसांजेला पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, खडेमीठ, ओवा, अंडी, पुन्हा पाला. मडकं पालथं घालून त्याभोवती पेंढा पेटवायचा. पोपटीत पाण्याचा थेंब घालत नाहीत. तो धुराचा आणि पाल्याचा वास, चटके सोसत सोललेल्या शेंगा आणि काळ्या हातांनी जेवणारी ती सगळी माणसं. वहिनीच्या गालाला राख लागली होती. मला घट्ट धरून म्हणाली, "वन्सं गं, तू व्हतीस म्हणून झालं." मी त्या वेळी तिला थांबवलं नाही. मला ते ऐकायला गोड वाटलं.

टेंपो आला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. दादा फोन करायचा, तिकडून उद्या यायचं उत्तर यायचं. मीही केले. सरांनीही एकदा केला. गाळाचा ढीग विहिरीच्या कडेला वाळत पडला. वाळलेला गाळ तुम्ही बघितलाय का कधी? काळाभोर, भुसभुशीत, हातात घेतला तर शेतकऱ्याला खावासा वाटेल असा. आणि आमच्याकडची रीत अशी, की ज्या घराने उपसणाऱ्यांना जेवू घातलं त्याच्या शेतात तो गाळ टाकायचा. जेवणाची फेड ती. गाळ कधी वाया घालवत नाहीत. वाया घालवला तर विहीर आटते म्हणतात.

शिमग्याला मी गेले तेव्हा ढीग जागेवर नव्हता. आळीच्या लोकांनीच एका सकाळी घमेल्यांनी वाहून तो विहिरीच्या वरच्या अंगाच्या आमच्या वावरात पसरला होता, नांगर फिरवला होता. मी डोक्याला हात लावला. दादाला म्हटलं, काय केलंत हे? दादा शांतपणे म्हणाला, "अगं, पाण्यात व्हती तवर भ्या व्हतं. आता मातीत हाय. साहेब बोललाच हाय, इरघळत नाय. मंग मातीत पडून राहील की." माझं अर्धं आणि साहेबाचं अर्धं, दोन्ही खरी अर्धी घेऊन त्यांनी ती एकत्र शिवली होती. दोघांचाही मान राखला होता. आगीतून फुफाट्यात, आणि तेही रीतीने, देवाला नारळ फोडून.

मी वहिनीला म्हटलं, ते वावर वर आहे गं, विहीर खाली आहे, पाऊस पडल्यावर काय होईल? वहिनी होळीच्या पुरणपोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. म्हणाली, "आता उचलायचा कसा? मातीतनं माती येगळी करता येते का?" नाही येत. मला तरी येत नाही.

मग पाऊस आला आणि गेला. विहीर काठोकाठ भरली, नवं पाणी, दगड स्वच्छ, कुठे पिवळा डाग नाही. फडकी सुटली. बायका हंड्यात सरळ पाणी ओतायला लागल्या. चव चांगली झाली, असंही म्हणायला लागल्या, आणि वहिनीही म्हणाली, ते मला सगळ्यात जास्त लागलं. पौषात मी बाटली घेऊन गेले. विहिरीचं पाणी आणलं, वीस अंशांवर ठेवलं, यंत्रावर लावलं. आकडा बघितला आणि तशीच बसून राहिले. तोच होता. उन्नीस-बीस नाही, तोच. सरांनी माझ्या खांद्यावरून बघितलं आणि चहा सांगितला. चहा आला, तो निवून गेला.

वहिनीला सांगायला गेले तेव्हा ती कठड्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिने तोंड बघूनच ओळखलं. "हाय का अजून?" मी मान हलवली. तिने सूप बाजूला ठेवलं. आता ती रडेल, चिडेल, असं मला वाटलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "कोणाला सांगू नको. गाळ आमच्या वावरात हाय. लोकं पाणी सोडतील ते सोडतील, मला बी सोडतील."

मी म्हटलं, आळीची पोरं ते पाणी पितात.

"माझी कोणतं पितात?" ती म्हणाली.

मी सांगितलं. आधी दादाला, मग दादाने आणि मी मिळून घरोघर. काय करायला हवं होतं, हे मला आजही कुणी विचारू नये. या वेळी कुणी हसलं नाही, कुणी साहेबाला बोलावलं नाही, कुणी भांडलंसुद्धा नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून बायका शाळेजवळच्या बोअरिंगवर जायला लागल्या. लांब आहे, चढावर आहे, तरी जातात. आमच्या दारावरून जातात आणि दाराकडे बघत नाहीत. ज्यांनी घमेली वाहिली त्याच म्हणतात, "सुमननी गाळ आपल्या शेतात घेतला म्हणून पाणी गेलं." नळाची योजना मंजूर आहे, पाइप रस्त्याच्या कडेला येऊन पडलेत, त्यांच्यात गवत वाढलंय.

ठोंबरे सरांनी काल नवी बरणी दिली. पांढरी भुकटी आहे, वास नाही. कुठली ते मी विचारलं नाही. मणी धुऊन वाळत घातले. मोजणं माझं काम आहे आणि मी ते नीट करते. पण पूर्वी आकडा थांबला की आत कुठेतरी बरं वाटायचं, ते आता वाटत नाही.

रविवारी माहेरी जाऊन आले. मी अंगणात शिरले तेव्हा विहिरीवर कुणी नव्हतं. वहिनी जाडी झाली आहे, बोलणं कमी झालं आहे. "या," म्हणाली, पाट दिला, घरच्यांची चौकशी केली. मग आत गेली आणि सीलबंद पाण्याची बाटली घेऊन आली. मी येणार म्हणून दादाला खालापूरच्या स्टँडवरून आणायला सांगितली होती. तिने झाकण पिरगाळून उघडलं, पाणी पेल्यात ओतलं आणि पेला माझ्यासमोर ठेवला.

"घ्या वन्सं," ती म्हणाली. "तुमाला चालंल असं आणलंय."

मग तिने स्वतःसाठी विहिरीच्या पाण्याच्या हंड्यात तांब्या बुडवला आणि माझ्याकडे बघत, उभ्याउभ्या, तो सगळा प्यायली.